ला हिलच्या गढीतली मुलं

परदेशात जायचं, काही महिने एखाद्या बालगृहात काम करायचं, मुलांना शिकवायचं, भांडी घासायची, सुट्टी मिळाली की डोंगर चढायचे. हल्ली पैसे भरले की अशा 'व्हॉलंटियर' ट्रिपा मिळतात आणि त्यांचे फोटोही छान येतात. ही कल्पना मात्र आजची नाही, चांगली शंभर वर्षं जुनी आहे. आणि तिच्या इतिहासात एक प्रकरण असं आहे, की ते वाचून मी दोन वीकेंड दुसरं काही वाचलंच नाही. आपल्याच वयाची पाच-सात पोरं-पोरी, सगळी स्विस, दक्षिण फ्रान्समधल्या एका पडक्या गढीत शंभरेक मुलांना सांभाळायला गेली. सोबत एक नियमावली होती. पुढे एके दिवशी नियमावली आणि मुलं यांतलं एकच काहीतरी निवडायची वेळ आली.

पण आधी थोडं मागे जाऊ. कारण या सगळ्याचा मूळपुरुष निघाला चक्क एक इंजिनियर!

पिएर सेरेझोल, जन्म 1879, लोझानचा. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पठ्ठ्या झुरिकला इंजिनियरिंग शिकला, जपानमध्ये नोकरी केली, आणि पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याचा कर भरायला नकार दिला. तुरुंगात गेला. युद्ध संपल्यावर, 1920 मध्ये, व्हेर्दांजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावात त्याने पहिलं शिबिर भरवलं. वेगवेगळ्या देशांची माणसं एकत्र येऊन फावडं-कुदळ घेऊन गाव पुन्हा बांधणार, अशी योजना. त्यात जर्मनही होते, आणि तेच फ्रेंच लोकांना खुपलं. काही महिन्यांतच काम बंद पडलं. पण त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. भाषणं कमी, हातांनी काम जास्त, असा तिचा खाक्या. 1934 साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा हाच सेरेझोल बिहारला आला. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याबरोबर त्याने गावं पुन्हा वसवायचं काम केलं, आणि तेही एकदा येऊन फोटो काढून जाणं नव्हे, 1937 पर्यंत परत परत येऊन. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हा माणूस एका ओळीतही भेटत नाही. असो.

1937 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात याच संघटनेचे लोक ट्रक घेऊन गेले. रोडोल्फो ओल्जाती त्यांचा म्होरक्या. माद्रिदमधून मुलांना आणि बायकांना बाहेर काढायचं, दूध आणि जेवण पुरवायचं. त्या ट्रकांबरोबर गेलेल्यांत एलिझाबेथ आयडेनबेन्झ नावाची तरुण शिक्षिका होती. 1939 मध्ये स्पेनचं प्रजासत्ताक कोसळलं, लाखो स्पॅनिश निर्वासित फ्रान्सच्या हद्दीत आले आणि फ्रान्सने त्यांना समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तारांच्या आत ठेवलं. मग ही स्विस मंडळीही मागोमाग फ्रान्समध्ये आली. आयडेनबेन्झ सव्वीस वर्षांची होती. तिने एल्न गावातल्या एका रिकाम्या बंगल्यात छावण्यांतल्या गरोदर बायकांसाठी प्रसूतिगृह काढलं. 1944 मध्ये जर्मनांनी ते बंद करेपर्यंत तिथे 597 बाळं जन्मली. ती नर्स नव्हती, डॉक्टर नव्हती. शिक्षिका होती! पुढे ज्यू बायका येऊ लागल्या तेव्हा कागदावर त्यांची नावं स्पॅनिश करून टाकण्याचं तंत्रही तिला जमलं.

आता ला हिलच्या गोष्टीकडे.

नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची देवळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, हजारो पुरुषांना छावण्यांत टाकलं. त्यानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातल्या काही आईबापांनी काळजावर दगड ठेवून मुलांना एकटंच बेल्जियमला पाठवून दिलं. ब्रसेल्समधल्या एका समितीने त्यांच्यासाठी दोन वसतिगृहं चालवली होती, एक मुलींचं, एक मुलांचं. मे 1940 मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. सुमारे शंभर मुलं आणि त्यांचे सांभाळणारे मालगाडीच्या डब्यांत बसून दक्षिणेला निघाले, आणि तुलूझजवळच्या सेर नावाच्या खेड्यात एका धान्याच्या कोठारात येऊन पडले. गवतावर झोपायचं. त्या हिवाळ्यात थंडी भयंकर पडली. मुलांच्या अंगावर फोड आले, कावीळ झाली. फ्रान्सचा पराभव झाला होता, देशाचे दोन तुकडे झाले होते आणि दक्षिणेत विशी सरकार आलं होतं. या मुलांना कोण विचारतो!

विचारलं ते तुलूझमध्ये बसलेल्या मॉरिस द्युब्वाने. स्विस संघटनेचं दक्षिण फ्रान्समधलं काम तो आणि त्याची बायको एलेन बघत. त्यांनी ही वसाहत आपल्याकडे घेतली, चीज आणि दुधाची भुकटी पाठवली, आणि 1941 च्या वसंतात एक नवी प्रमुख पाठवली. रोझली नेफ.

रोझली ग्लारुसची, तिशीची नर्स. त्याआधी तीन वर्षं आफ्रिकेत, लांबारेनेला, आल्बर्ट श्वाइत्झरच्या दवाखान्यात काम करून आलेली. म्हणजे 'ऑनसाइट'चा अनुभव दांडगा. पण मुलांना ती सुरुवातीला अजिबात आवडली नाही. कडक, शिस्तीची, काम करून घेणारी. तिच्याबद्दल नंतर मुलांनी जे लिहिलंय त्यात हे स्पष्ट येतं आणि मला ते फार बरं वाटलं. नाहीतर अशा गोष्टींतली माणसं पहिल्या पानापासून संत असतात.

सेरचं कोठार राहण्यालायक नव्हतंच. मग पिरेनीजच्या पायथ्याशी, आरिएज जिल्ह्यात, ला हिलची गढी भाड्याने घेतली. शातो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरं येतात. ही मात्र वर्षानुवर्षं रिकामी पडलेली, बुरुज असलेली दगडी इमारत, म्हणून मी गढीच म्हणतो. मोठी मुलं आधी जाऊन राहिली, साफसफाई केली, दुरुस्ती केली. 1941 च्या उन्हाळ्यात सगळी वसाहत तिथे आली. मग लाकडं तोडणं, भाजीपाला लावणं, आसपासच्या शेतांवर मजुरीला जाणं, आणि संध्याकाळी शाळा. ऑयगेन लीरर नावाचा स्विस शिक्षक मोठ्या मुलांना पुस्तकं वाचायला लावायचा. गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. लहानांपैकी काही जणांना त्याच वर्षी अमेरिकेला पाठवता आलं. बाकीच्यांना वाटायचं, आपल्यावर स्विस झेंडा आहे, आपलं कोण काय वाकडं करणार?

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये एक 'ऑर्गनायझेशनल चेंज' झाला होता. जानेवारी 1942 पासून हे सगळं काम स्विस रेडक्रॉसच्या छत्राखाली गेलं. पैसा वाढला, पसारा वाढला, आणि अर्थातच वरून लक्षही वाढलं. रेडक्रॉसचा मोठा कार्यक्रम होता तो युद्धग्रस्त देशांतल्या मुलांना तीन-तीन महिने स्वित्झर्लंडमध्ये आणून, खाऊपिऊ घालून परत पाठवण्याचा. युद्ध संपेपर्यंत अशी साठ हजारांच्या आसपास मुलं येऊन गेली. काम खरंच मोठं होतं, त्यात शंका नाही. फक्त त्या गाड्यांत ज्यू मुलांना जागा नव्हती. कारण काय, तर तीन महिन्यांनी त्यांना परत कुठे पाठवणार? सरकारी तर्क कधीकधी इतका सरळ असतो की अंगावर काटा येतो.

26 ऑगस्ट 1942. पहाटे फ्रेंच पोलिसांनी गढीला वेढा घातला. विशी सरकारने परदेशी ज्यू जर्मनांच्या हवाली करायचं कबूल केलं होतं, आणि त्या एका धडक मोहिमेत दक्षिण फ्रान्समधून साडेसहा हजारांवर माणसं उचलली गेली. ला हिलमधून चाळीसच्या आसपास नेली, बहुतेक सोळा वर्षांपुढची मुलं-मुली आणि काही मोठी माणसं. जवळच्या ल व्हेर्नेच्या छावणीत. तिथून पुढची गाडी पूर्वेकडे जाणार होती.

इथे नियमावली काय सांगते? आपण पाहुणे, देश त्यांचा, कायदा त्यांचा. निषेधाचं पत्र लिहा, वरिष्ठांना कळवा.

रोझलीने द्युब्वाला कळवलं आणि स्वतः ल व्हेर्नेच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सोडत नव्हते. तरी घुसलीच, आणि मुलांबरोबर छावणीतच राहिली. द्युब्वा विशीला गेला आणि पोलीस खात्याच्या वरिष्ठांसमोर बसून म्हणाला, ही मुलं सोडली नाहीत तर स्विस संघटना फ्रान्समधली आपली सगळी कामं बंद करेल. म्हणजे हजारो फ्रेंच मुलांचं दूधही. असं काही म्हणायचा अधिकार त्याच्याकडे अजिबात नव्हता! बर्नमधल्या कुणी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. ही शुद्ध थाप होती. पण समोरच्याला ते माहीत नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, छावणीतली बाकीची माणसं गाडीत कोंबली जात असताना, ला हिलच्या मुलांना सोडून देण्यात आलं. रोझली त्यांना घेऊन परत आली.

या ठिकाणी मी जरा थांबलो. आपण नेहमी म्हणतो की तटस्थता म्हणजे भित्रेपणा. इथे तर तटस्थतेनेच मुलं वाचवली. स्वित्झर्लंड तटस्थ होता, विशीला त्याची गरज होती, म्हणून तर धमकीला वजन आलं. असाच प्रकार ल शांबों गावात झाला. तिथे ऑगस्ट बोनी हा बाझलचा शिक्षक, वय 23, स्विस संघटनेची बालगृहं चालवत होता. पोलीस आले तेव्हा त्याने सांगितलं की हे घर स्विस संरक्षणाखाली आहे, तुम्हाला आत येता येणार नाही. पोलीस वरिष्ठांना विचारायला गेले, तोवर पोरं रानात लपली. झेंडा तोच, नियमावली तीच. फरक इतकाच की झेंडा ढाल म्हणून धरायचा की आपल्याच डोळ्यांवर पट्टी म्हणून बांधायचा, हे तिथे उभ्या असलेल्या माणसाने ठरवलं.

पण थाप एकदाच चालते. एलेन द्युब्वा बर्नला जाऊन पोलीसप्रमुख हाइनरिश रोथमुंडला भेटली. या मुलांना स्वित्झर्लंडमध्ये घ्या, म्हणून. नकार. 13 ऑगस्टपासूनच स्वित्झर्लंडने सीमा बंद केली होती, केवळ ज्यू म्हणून पळून येणाऱ्याला आश्रय नाही असा आदेश होता. म्हणजे ज्या देशाचा झेंडा गढीवर होता, त्या देशाचंच दार बंद! नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्येही आल्या. आता मोठ्या मुलांना राहणं अशक्य होतं. गढीत कांदे ठेवायची एक खोली होती, तिचं दार लपवून मागे मुलं दडून बसत. पण किती दिवस?

मग रोझलीने पुढचं पाऊल टाकलं. मुलांना गटागटाने स्विस सीमेकडे सोडायला सुरुवात केली. सीमेजवळ सें-सेर्ग इथे संघटनेचंच एक बालगृह होतं. तिथल्या जेर्मेन होमेल आणि रेने फार्नी या दोघी मुलांना रात्री कुंपणापर्यंत पोचवत. पहिले गट पार झाले. जानेवारी 1943 मध्ये मात्र एक गट सीमेवर जर्मनांच्या हाती लागला. त्यातले काही नंतर छळछावण्यांत मारले गेले.

आणि मग जे झालं ते कुठल्याही मोठ्या ऑफिसात काम केलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. चौकशी. स्विस रेडक्रॉसकडून फ्रान्समधल्या कर्मचाऱ्यांना बजावण्यात आलं की फ्रान्सचे कायदे तंतोतंत पाळायचे, ते आपल्या मनाला पटतात की नाही हे तपासणं तुमचं काम नाही. होमेल आणि फार्नी यांना काढलं. रोझलीला 1943 मध्ये परत बोलावलं.

वरच्यांची बाजू अगदीच टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. एका गटामुळे जर्मनांनी सगळी संघटनाच हाकलली असती तर? हजारो मुलांच्या जेवणाचा प्रश्न होता. आपण त्या खुर्चीत असतो तर आपणही कदाचित हेच पत्र टाइप केलं असतं. पण हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडायला हवा. संघटना हाकलली गेली नाही. द्युब्वाच्या धमकीनंतरही नाही, सें-सेर्गच्या प्रकरणानंतरही नाही. आणि त्या पत्रामुळे वाचलेलं एकही मूल दाखवता येत नाही, पत्र न पाळल्यामुळे वाचलेली मात्र डझनावारी आहेत. शिवाय जानेवारीत पकडल्या गेलेल्यांचा दोष रोझलीच्या माथी मारताना एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला राहिली. सीमा उघडी असती तर कुणाला रात्री तारेखालून सरपटत जावं लागलंच नसतं.

गंमत म्हणजे रोझलीला काढून प्रकार थांबला नाहीच. एमा ओट नवी प्रमुख झाली. आणि मे 1943 च्या सुमारास आली आन-मारी पिगे, वय 27. ही माझी सगळ्यात आवडती. व्हाले द झू या जुरा पर्वतातल्या खोऱ्यातली, वडील वनाधिकारी. त्यामुळे सीमेवरचं रिझूचं जंगल तिच्या पायाखालचं. कॉलेज करून बाहेर पडली होती, आणि युद्धाच्या मधोमध असलेल्या त्या बंद, सुरक्षित देशात तिचा जीव घुसमटत होता. काहीतरी करायचं होतं, कुठेतरी जायचं होतं. साहस हवं होतं, असं सरळ म्हणू या की. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तिने गढीतल्या मुलांना सोबत घेऊन, खोट्या कागदपत्रांवर, रेल्वेने फ्रान्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला सुरुवात केली. सीमेच्या अलीकडे शापेल-दे-ब्वा गावात व्हिक्टोरिया कोर्दिए आणि तिच्या बहिणी. सगळ्या जंगलाच्या वाटा जाणणाऱ्या, रेझिस्टन्सचा टपालव्यवहार करणाऱ्या. रात्री निघायचं, जर्मन गस्त चुकवायची, बर्फात चालायचं. रिझूमध्ये देशाची सीमा म्हणजे झाडांमधून गेलेली एक बुटकी दगडी भिंत. ती ओलांडली की स्वित्झर्लंड. पलीकडे जंगलात लाकडाची एक झोपडी, तिचं नाव 'होटेल द'इतालि', म्हणजे इटलीचं हॉटेल! तिथे अंग शेकायचं आणि मग खाली आन-मारीच्या आईवडिलांच्या घरी. म्हणजे सरकारी वनाधिकाऱ्याच्या घरी, सरकारने बंदी घातलेले पाहुणे.

त्याच सुमाराला बाझलचा सेबास्टियान श्टायगर हा शिक्षकही ला हिलला आला, पंचविशीचा. त्याच्याकडे सगळ्यात लहान मुलं होती. रात्री गोष्टी सांगायच्या, अंघोळी घालायच्या, आई कधी येणार या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचं. त्याने एके दिवशी स्वतःचं ओळखपत्र गढीतल्या एका मोठ्या मुलाला देऊन टाकलं, आणि त्याच्या जोरावर तो मुलगा सीमेच्या दिशेने निघाला. परक्या, शत्रूव्याप्त देशात आपलं ओळखपत्र देऊन टाकणं! आपण परदेशात पासपोर्ट दहा वेळा चाचपून बघतो, म्हणून ही एक गोष्ट मला बाकी सगळ्या साहसांपेक्षा जास्त लागली.

काही मुलं पिरेनीज ओलांडून स्पेनकडे गेली, काही शेतांवर आणि मठांत लपली. एक मुलगा रेझिस्टन्समध्ये गेला आणि 1944 च्या उन्हाळ्यात लढताना मारला गेला. शंभरांपैकी बहुसंख्य मुलं वाचली. दहाबारा वाचली नाहीत. पण वाचलेल्यांपैकी बहुतेकांचे आईवडील नव्हते राहिले. 1942 मध्ये पत्रं यायची थांबली होती, तेव्हाच मोठ्या मुलांना कळलं होतं.

युद्ध संपलं आणि स्वित्झर्लंडने हे प्रकरण शांतपणे कपाटात ठेवून दिलं. आन-मारीने 1985 मध्ये पुस्तक लिहिलं, श्टायगरने 1992 मध्ये. दरम्यान इस्रायलच्या याद वाशेमने मॉरिस द्युब्वाला 1985 मध्ये आणि रोझलीला 1989 मध्ये 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा किताब दिला. बोनी, श्टायगर, आयडेनबेन्झ, सगळ्यांना मिळाला, आगेमागे. म्हणजे ज्यांच्या मुलांना वाचवलं त्यांनी आधी आठवण ठेवली, आपल्या घरच्यांना वेळ लागला. रोझली 1996 मध्ये वारली.

स्विस संसदेने नंतर एक कायदा केला, तो 1 जानेवारी 2004 पासून लागू झाला. नाझी काळात निर्वासितांना पळून यायला मदत केली म्हणून ज्या स्विस नागरिकांना कोर्टाने शिक्षा केली होती, त्यांच्या शिक्षा रद्द. चांगला कायदा आहे. रोझलीला मात्र त्याचा उपयोग नव्हता. तिला कोर्टाने शिक्षा केलीच नव्हती ना, फक्त परत बोलावलं होतं.